कोणाला दिले? ‘गिव्ह अप’ आणि ‘सोडून देणे’ यांचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात, चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर उंद्री हे गाव आहे. काही वर्षांपूर्वी तेथील दहावीच्या मुलामुलींसमोर इंग्रजी क्रियापदांविषयी बोलण्याचा योग आम्हांला आला. फळ्यावर एक साधे वाक्य लिहिले होते. एका शेतकऱ्याने आपली जमीन ‘गिव्ह अप’ केली, एवढाच त्याचा आशय. आम्ही त्याचे मराठी करून दाखवले, ‘शेतकऱ्याने आपली जमीन सोडून दिली.’ तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, सोडून देली म्हंता, मंग देली कोनाले?”

वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि सांगितले की, येथे ‘देणे’ हे स्वतंत्र क्रियापद नाही, ते ‘सोडणे’ या क्रियेला केवळ आधार देते. म्हणून येथे घेणारा शोधायचा नसतो. उत्तर पाठ्यपुस्तकाला धरून होते. मुले ते वहीत उतरवून मोकळी झाली. परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न आमची पाठ सोडीना. शेतीवर जगणाऱ्या गावातल्या मुलाला एवढे पक्के ठाऊक असते की जमीन नुसती सुटत नाही. सातबाऱ्यावर एका नावाखालून ती निघाली की दुसऱ्या कोणाच्या तरी नावाखाली चढते. वाक्याने घेणाऱ्याचे नाव गाळले, म्हणून घेणारा नव्हताच असे होत नाही.

पुढे या शब्दांचा मागोवा घेत गेलो तेव्हा त्या मुलाची शंका इतिहासाच्या बाजूने खरी ठरत गेली. ‘गिव्ह अप’ला आरंभी घेणारा होता. मराठीतल्या सोडण्याच्या कितीतरी वाक्प्रचारांनाही तो होता. दोन्ही भाषांत देण्याचे शब्द सोडण्याचे झाले आणि त्या वाटेवर घेणारा वाक्यातून बाहेर पडला. हे कसे घडले, ते येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

किल्ल्यापासून सवयीपर्यंत

जुन्या इंग्रजीत क्रियापदाचा अर्थ वळवण्याचे काम मुख्यतः उपसर्ग करीत. संस्कृतात ‘हृ’ या एका धातूपासून उपसर्गांच्या योगाने प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे निरनिराळे शब्द होतात, त्याच जातीची ही रचना होती. ‘देणे’ या अर्थाच्या क्रियापदाला ‘ऑफ’ लागला की टाकून जाणे, ‘आ’ लागला की परत करणे किंवा हवाली करणे, ‘फॉर’ लागला की बहाल करणे, असे अर्थ होत. यांपैकी ‘फॉरगिव्ह’ तेवढे आजच्या इंग्रजीत टिकले. त्याचा प्रवास बहाल करण्याकडून येणे सोडण्याकडे आणि तेथून अपराध पोटात घालण्याकडे झाला. मराठीतही भांडणाच्या शेवटी ‘जाऊ दे, सोडून दे’ असेच म्हणतात, हे येथे सहज आठवते.

पुढे हे उपसर्ग क्षीण झाले आणि अप, आउट, ऑफ, ओव्हर अशी छोटी अव्यये क्रियापदाच्या मागून चालू लागली. इंग्लंडात वसलेल्या स्कॅन्डिनेव्हियन लोकांच्या भाषेचा या बदलाला हातभार लागला, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘गिव्ह’च्या आरंभीचा ‘ग’सुद्धा त्याच संपर्कातून आला, त्याआधी इंग्लंडात हा शब्द ‘य’काराने उच्चारला जाई.

‘गिव्ह अप’चा एक अतिशय जुना आढळ पीटरबरो येथील मठात लिहिल्या गेलेल्या इतिवृत्तात मिळतो. लेखन बाराव्या शतकाच्या मध्याचे आहे. राजा स्टीफनने इ. स. ११३९ मध्ये ऑक्सफर्ड येथे सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि राज्याचा चॅन्सेलर यांना पकडून कैदेत टाकले आणि त्यांनी आपले किल्ले ‘वर देईपर्यंत’ त्यांना तेथेच ठेवले, अशी ही हकीकत आहे. येथे चार गोष्टी लख्ख दिसतात. देणारे कोण, तर बिशप. काय दिले, तर किल्ले. कोणाला दिले, तर राजाला. आणि कशामुळे दिले, तर तुरुंगामुळे. उंद्रीच्या वर्गातला प्रश्न या वाक्यासमोर पडलाच नसता.

‘अप’ म्हणजे ‘वर’ हे अव्यय येथे का आले, याची दोन स्पष्टीकरणे करता येतात. एक असे की, देणे हे खालच्याकडून वरच्याकडे, म्हणजे अधिकाऱ्याकडे जाणारे होते. दुसरे असे की, ‘अप’ हा पूर्णतेचा वाचक आहे. ‘ईट अप’ म्हणजे सगळे खाऊन टाकणे, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाकणे. किल्ल्याच्या प्रसंगात दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. किल्ला वरच्याला दिला जातो आणि तो अर्धामुर्धा देता येत नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकांपर्यंत हे क्रियापद किल्ल्यांवरून माणसाच्या अंतरंगाकडे वळलेले दिसते. १६११ च्या इंग्रजी बायबलात येशूच्या मृत्यूसाठी आत्मा ‘वर देण्या’चा प्रयोग आहे. श्रद्धावंत वाचकाच्या मनात तेथे घेणारा अजून उभा आहे; आत्मा ज्याचा, त्याच्याकडे तो परत जातो. मराठी बायबलात या ठिकाणी ‘प्राण सोडणे’ हा आपला रुळलेला वाक्प्रचार आला. त्यात देणे नाही आणि घेणाराही नाही. भाषांतरकाराने काही चूक केली असे आम्ही म्हणत नाही. मराठीत तो शब्द तसाच नांदत होता. पण त्या एका निवडीत देण्याचा प्रसंग सोडण्याचा झाला, हे खरे.

त्यानंतर हक्क, दावा, आशा, व्यसन, नाद अशा गोष्टी ‘गिव्ह अप’ची कर्मे होऊ लागल्या. तंबाखू सोडणारा ती कोणाला देत नाही. येथे घेणारा संपतो. आणि अखेरीस कर्मही गळते. ‘आय गिव्ह अप’ असे नुसतेच म्हणणारा माणूस काय सोडतो आणि कोणाला देतो, यांपैकी काहीच सांगत नाही. तो फक्त हात टेकतो. शिकवणी वर्गांच्या भिंतींवर लावलेल्या ‘नेव्हर गिव्ह अप’ या घोषणेत हेच कर्महीन क्रियापद आहे. बाराव्या शतकातली चार अंगे गळून पडली आणि एकटा कर्ता उरला. हरण्याची जबाबदारीही मग सगळी त्याच्यावरच आली.

जॉन्सनची तक्रार

सॅम्युअल जॉन्सन याचा इंग्रजी शब्दकोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने अशा जोडक्रियापदांचा खास उल्लेख केला आहे. क्रियापदाला मागून एक लहानसा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत इंग्रजीत फार आहे आणि परकीयांना तिच्याइतके कठीण दुसरे काही वाटत नाही, असा त्याचा अभिप्राय. उदाहरणांच्या यादीत ‘गिव्ह ओव्हर’ आहे आणि त्याचा अर्थ थांबणे असा दिला आहे. त्या काळी थांबणे, सोडणे, आशा टाकणे या अर्थांनी ‘गिव्ह ओव्हर’ सर्रास चाले. वैद्यांनी हात टेकलेला रोगी ‘गिव्हन ओव्हर’ असे. पुढे हे अर्थ हळूहळू ‘गिव्ह अप’कडे गेले आणि ‘गिव्ह ओव्हर’ बोलींपुरते किंवा दुसऱ्याच्या हवाली करण्यापुरते उरले. दोन शेजारी शब्दांपैकी एक वाढतो आणि दुसरा आपले घर त्याला देऊन बसतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच उशिरा मिळाले. लोगन पिअरसॉल स्मिथ याने १९२५ च्या आपल्या पुस्तकात ते रूढ केले. नाव सुचवण्याचे श्रेय त्याने ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. म्हणजे आपल्या शाळांतून आज ज्या नावाने हा धडा शिकवला जातो, ते नाव अवघे शंभर वर्षांचे आहे आणि वस्तू सुमारे नऊशे वर्षांची.

येथे एक शंका येईल. इंग्रजीत ‘सरेंडर’, ‘अबँडन’, ‘रिझाइन’ असे भारदस्त शब्द असताना घरगुती ‘गिव्ह अप’ची गरज काय होती? उत्तर असे की, त्या भारदस्त शब्दांच्या पोटातही हीच गोष्ट दडली आहे. ‘सरेंडर’ फ्रेंचमधून आला; त्यातील ‘सर’ म्हणजे वर किंवा पलीकडे आणि ‘रेंडर’ म्हणजे देणे, परत करणे. ‘गिव्ह ओव्हर’चाच तो दरबारी अवतार. ‘अबँडन’ची कथा याहून बोलकी आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बँडन’ म्हणजे सत्ता, ताबा. एखादी गोष्ट दुसऱ्याच्या ताब्यात घालणे, हा ‘अबँडन’चा मूळ अर्थ. आज आपण त्याचे मराठी ‘वाऱ्यावर सोडणे’ असे करतो. ताबेदाराच्या जागी वारा आला.

देऊन टाकणे, देऊन ठेवणे

जॉन्सनची तक्रार मराठी शिकणाऱ्या इंग्रजानेही आपल्याविषयी करावी अशी आपली क्रियापदे आहेत. इंग्रजीत मुख्य क्रियापद आधी येते आणि अर्थ वळवणारे अव्यय मागून. मराठीत ‘ऊन’ प्रत्ययाचे रूप आधी येते आणि मागून दुसरे क्रियापदच येऊन त्याला वळण देते. फेकून देणे, पाठ करून टाकणे, समजून घेणे, विसरून जाणे, राखून ठेवणे, हटून बसणे. या मागच्या क्रियापदांनी आपला मूळ अर्थ बराचसा टाकलेला असतो. विसरून गेलेला माणूस कोठे जात नाही आणि हटून बसलेला उभाही असू शकतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा ऊहापोह सविस्तर आहे, तो याच अडचणीमुळे. दोन शब्दांचे एक क्रियापद मानावे की दोन क्रिया मानाव्यात, हा वाद वरवर रूक्ष दिसला तरी उंद्रीच्या मुलाचा प्रश्न नेमका त्याच्या मध्यावर बोट ठेवतो.

‘गिव्ह अप’ आणि ‘सोडून देणे’ समोरासमोर ठेवले तर एक गंमत दिसते. दोन्हींत ‘देणे’ आहे, पण उलट बाजूंना. इंग्रजीत ‘देणे’ हे धड आहे आणि ‘वर’ हे शेपूट. मराठीत ‘सोडणे’ हे धड आहे आणि ‘देणे’ हे शेपूट. दोन भाषा एकमेकींपासून उसने न घेता, वेगवेगळ्या दिशांनी चालत त्याच ठिकाणी पोचल्या. कारणही समजण्यासारखे आहे. देण्याच्या क्रियेत वस्तू हातातून दूर जाते. ती कोणाकडे गेली याकडे दुर्लक्ष केले की केवळ दूर जाणे उरते, आणि तेच सोडणे होय. म्हणून ‘देणे’ बाहेर जाणाऱ्या क्रियांना चिकटते आणि ‘घेणे’ आत येणाऱ्यांना. ‘वाचून दे’ आणि ‘वाचून घे’ यांतला फरक लहान मूलही चुकत नाही.

जुन्या मराठीत सोडण्यासाठी ‘सांडणे’ हा शब्द मोठ्या दिमाखात वावरत होता. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात, ऋद्धिपूर येथे सिद्ध झाले. चक्रधरांच्या भ्रमंतीतली लोणार, मेहकर ही स्थळे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातलीच. त्या ग्रंथात आणि इ. स. १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’त सांडणे म्हणजे जाणूनबुजून टाकणे, त्यागणे. हिंदीतल्या ‘छाँड़ना’चा हा भाऊ. आज दूध सांडते, पाणी सांडते, आणि सांडणारा ‘चुकून सांडले’ म्हणून ओशाळतो. ‘गिव्ह अप’ने घेणारा गमावला, ‘सांडणे’ने हेतू गमावला. देऊन स्वाधीन करणे या अर्थी ‘वोपणे’ हे त्या काळचे दुसरे सुंदर क्रियापद तर व्यवहारातून पार नाहीसे झाले. ती पोकळी भरायला संस्कृतातून त्याग आणि समर्पण आले, फार्सीतून हवाली करणे आणि सुपूर्द करणे आले. रोजच्या बोलण्यात मात्र ‘सोडून देणे’ हेच राहिले.

पाण्याचा साक्षीदार

आता मराठीतल्या तीन वाक्प्रचारांकडे पाहू. पैशांवर पाणी सोडणे, तत्त्वांना तिलांजली देणे आणि घरादारावर तुळशीपत्र ठेवणे. तिन्हींचा आजचा अर्थ सोडून देणे हाच. तिन्हींचा जन्म देण्याच्या विधीतून झाला आहे.

दान देताना दाता घेणाऱ्याच्या हातावर पाणी सोडतो आणि त्या क्षणी वस्तूवरचा आपला हक्क संपला असे मानतो. या विधीचे फार जुने पुरावे वऱ्हाडातच आहेत. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडला. एक हजार ब्राह्मणांना चर्मांक नावाचे गाव दिल्याची त्यात नोंद आहे. गाव ‘उदकपूर्वक’ दिले असे तो ताम्रपट सांगतो, आणि देण्यासाठी जे क्रियापद योजतो ते ‘अति’ उपसर्ग लागलेल्या ‘सृज्’ धातूचे आहे. ‘सृज्’ म्हणजे सोडणे, मोकळे करणे. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या जमिनीच्या कागदात, खरे तर तांब्यात, सोडणे आणि देणे एकाच शब्दात नांदत होते. पण तेथे गावाचे नाव आहे, राजाचे नाव आहे आणि घेणारेही नोंदलेले आहेत. पाणी हे केवळ साक्षीला आहे.

आज ‘पैशांवर पाणी सोडले’ म्हणताना आपल्यासमोर बुडालेले पैसे असतात, कोणाचा ओंजळीने पुढे झालेला हात नसतो. तिलांजलीत तीळमिश्रित पाणी घेणारा मृत पितर होता. तत्त्वांना तिलांजली देताना तत्त्वे मेली एवढेच आपण सुचवतो. तुळशीपत्र ठेवून वस्तू देवाला किंवा सत्पात्र माणसाला अर्पण होई. देशासाठी घरादारावर तुळशीपत्र ठेवले, असे स्वातंत्र्यसैनिकांविषयी म्हणतात तेव्हा त्या ‘साठी’मध्ये जुन्या घेणाऱ्याची थोडी ऊब उरलेली असते. ‘प्राण दिले’ आणि ‘प्राण सोडले’ यांतले अंतरही तेच. पहिल्यात कशासाठी हा प्रश्न विचारता येतो, दुसऱ्यात येत नाही.

राजीनामा आणि वऱ्हाड

‘राजीनामा’ हा शब्द सोडण्याच्या इतिहासात आणखी वेगळी भर घालतो. राजी म्हणजे तयार, संतुष्ट. नामा म्हणजे लेख. संमतीचा लेख असा त्याचा मूळ अर्थ आणि हिंदी-उर्दूत आजही तो तडजोडीच्या कागदाला लागतो. नोकरी सोडण्यासाठी तेथे ‘इस्तीफा’ हा शब्द आहे. मराठीत, तशाच गुजराती, कन्नड आणि तेलुगूत मात्र राजीनामा म्हणजे पद सोडणे. संमतीचा शब्द त्यागाचा कसा झाला, याचे एक उत्तर जमीनमहसुलाच्या दप्तरात मिळते.

मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत शेतकरी आपल्या खात्यावरचा मोजणी क्रमांक लेखी कागद देऊन सरकारला सोडू शकत असे. हा कागद म्हणजे राजीनामा. ती जमीन पुढे कसण्यास घेणारा सारा भरण्याचे कबूल करी, तो कागद म्हणजे कबुलायत. राजीनामा आणि कबुलायत ही जोडी एकत्रच दाखल होई. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याने राजीनामा लिहून द्यावा आणि सावकाराने त्याच दिवशी कबुलायत द्यावी, असेही घडे. कागदावर शेतकरी ‘राजी’ असे. नाव संमतीचे, वस्तुस्थिती नाइलाजाची. ऑक्सफर्डच्या तुरुंगातले बिशप आपले किल्ले देण्यास राजी होते, त्यासारखेच हे राजी असणे. याच धर्तीची मोजणी आणि आकारणी १८६० च्या दशकात वऱ्हाडात आली. लेखी सूचना देऊन सरकारला जमीन सोडण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही, म्हणजे १९६६ च्या कायद्यातही, राहिली.

आणि खुद्द वऱ्हाडाचे काय? हा सबंध मुलूख एका क्रियापदाच्या अर्थावर जवळजवळ शंभर वर्षे टांगलेला होता. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी आणि साचलेल्या कर्जापोटी वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या हाती दिले. या मुलखाला इंग्रजी कागदपत्रांत ‘असाइन्ड’ जिल्हे म्हणत, म्हणजे नेमून दिलेले. सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी ते परत मिळवण्यासाठी अखेरपर्यंत खटपट केली. त्यांचे म्हणणे मराठीत सांगायचे तर एका वाक्यात सांगता येते. वऱ्हाड देऊन ठेवले होते, देऊन टाकले नव्हते.

इंग्रजीत जो भेद करायला तहाची कलमे लागली, तो मराठीत एका मागच्या क्रियापदाने होतो. देऊन ठेवलेली वस्तू परत मागता येते. ठेवणे या शब्दातच ठेव आहे. देऊन टाकलेली वस्तू गेली. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. सार्वभौमत्व कागदावर निजामाकडेच ठेवले, कारभार १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला. १९३६ मध्ये निजामाच्या पदवीत वऱ्हाडचे नाव घालण्यात आले आणि त्यांच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हटले जाऊ लागले. देऊन टाकलेल्या मुलखाचे नाव तेवढे देणाऱ्याजवळ ठेवले गेले. या साऱ्या देण्याघेण्यात चिखलीचा, मेहकरचा किंवा उंद्रीचा रयत कर्ताही नव्हता आणि घेणाराही नव्हता. तो कर्म होता. व्याकरणात कर्माला कोणी विचारत नाही.

घेणारा परत येतो तेव्हा

घेणारा एकदा गेला की कायमचाच जातो, असे नाही. एस.टी.त म्हाताऱ्या माणसाला आपली जागा देण्यासाठी इंग्रजीत ‘गिव्ह अप’च वापरतात आणि तेथे घेणारा समोर उभा असतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वयंपाकाच्या गॅसवरचे अनुदान स्वेच्छेने सोडण्याची मोहीम काढली, तिचे नाव ‘गिव्ह इट अप’ होते. एक कोटीहून अधिक ग्राहकांनी अनुदान सोडले. सोडलेल्या अनुदानाच्या जोरावर गरीब घरात गॅस पोचेल, असे त्या मोहिमेत सांगितले जात होते. मोहिमेचे मूल्यमापन अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी करावे. भाषेच्या अभ्यासकाला एवढे दिसते की, सोडा म्हणून सांगताना घेणाऱ्याचा चेहरा दाखवला की माणसे लवकर सोडतात.

जेथे घेणारा परत येत नाही, तेथे मात्र भाषेची ही सवय निर्दय होते. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या स्त्रीला आपण ‘टाकलेली’ म्हणतो. टाकणारा वाक्यातून निसटतो आणि विशेषण तिला जन्मभर चिकटते. आणि वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांनी गेल्या दोन-तीन दशकांत पुन्हा पुन्हा छापलेले एक वाक्य आहे, ‘शेतकऱ्याने जीव दिला.’ २००६ मध्ये केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणाही होता. ‘जीव सोडला’ असे मराठी माणूस येथे म्हणत नाही. तो ‘दिला’ म्हणतो. देशासाठी प्राण दिले या वाक्यातला ‘साठी’ येथे नाही, चम्मकच्या ताम्रपटातले घेणारे येथे नाहीत, पण ‘देणे’ आहे. आणि ‘देणे’ आहे तोवर घेणाऱ्याची जागा रिकामी दिसत राहते. भाषेने ती बुजवलेली नाही, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. ज्याला विचारायचे आहे त्याला अजून विचारता येते.

म्हणून अध्यापक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, असे वहीत लिहून देणे चालू ठेवावे; परीक्षेला ते लागते. पण पुढचे वाक्य विद्यार्थ्यांकडून सोडवून घेताना त्यांना चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी. कोणी दिले, काय दिले, कोणाला दिले, कशामुळे दिले. कादंबरीतले पात्र गाव सोडते तेव्हा, तहात मुलूख सुटतो तेव्हा, बातमीत कोणी राजीनामा देतो तेव्हा, हे चार प्रश्न उपयोगी पडतात. व्याकरणाचा तास आणि वाङ्मयाचा तास येथे एकच होतात.

उंद्रीच्या त्या वर्गात आम्ही मुलाला दिलेले उत्तर आज बदलावे लागेल. घेणारा शोधायचा नसतो, असे आम्ही सांगितले होते. घेणारा वाक्यात नसेल तर तो वाक्याबाहेर शोधायचा असतो, असे सांगायला हवे होते. तो मुलगा एव्हाना कोठे असेल ठाऊक नाही. त्याने शेती धरली असेल किंवा सोडूनही दिली असेल. सोडली असेल तर ती कोणाला दिली, हे मात्र त्याला नक्की सांगता येईल.